काळ्या मातीतली पांढरी रेघ

जानेवारीतल्या एका मंगळवारी माझी सून वारली. मुलगा इस्पितळात तिच्याजवळ होता. मी टोकियोत, हिगाशी-कसाईच्या घरी कुकर लावला होता. फोन आला. मी गॅस बंद केला आणि बूट घातले.

त्या वेळी उत्तरेला, होक्काइदोमधल्या एका उघड्या टेकाडावर, तिने ठरवलेल्या जागी मी घातलेली रांगोळीची एक रेघ जमिनीवर पडून होती. हिवाळ्यात ती जमीन तडकली, तर रेघ भेगेतून खाली उतरणार होती. नाही तडकली, तर जिथे घातली तिथेच राहणार होती. यातलं काय झालं ते बर्फ वितळून माती मऊ झाल्याशिवाय कळणार नव्हतं. सुनेने या एका प्रश्नामागे तीन हिवाळे घातले होते, आणि उत्तर यायच्या आधी ती गेली.

मी पुण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर, यजमान गेल्यावर, दरवर्षी पावसाळा सरला की मी मुलाकडे यायची. व्हिसा तीन महिन्यांचा, त्यामुळे माझी दिवाळी टोकियोत आणि संक्रांत पुण्यात असा क्रम ठरून गेला होता. मुलगा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. सून लग्नानंतर त्याच्यामागे आली. भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती. सुरुवातीला कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करून ती जपानी शिकली. मग एका विद्यापीठात गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांना जाऊन भेटली आणि त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागली. त्यांना सगळे सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

तिचा विषय काय, हे मला पहिल्या वर्षी सांगताना ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

“आई, तुम्ही टुंड्रा शिकवलात ना?”

“शिकवला की. अर्धं पान होतं.”

“पृथ्वीवरची एवढी जमीन, आणि तुम्ही ती अर्ध्या पानात उरकलीत?”

“दोन मार्कांना यायची. दोन मार्कांना अर्धं पान पुष्कळ झालं.”

“म्हणून माझ्यासारखी पोरं निघतात. उरलेलं पान शोधत हिंडतात.”

आमचं बोलणं बहुधा असंच चाले. ती मला कधी ‘तुम्ही’ सोडून बोलली नाही आणि त्या ‘तुम्ही’च्या आत राहून तिने माझी जेवढी थट्टा केली, तेवढी माझ्या पोटच्या मुलाने केली नाही.

एका दिवाळीच्या फराळाला जवळच्याच फुनाबोरी भागातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, सून काय करते? मी म्हटलं, थंडीने जमिनीला भेगा पडतात, त्यांचा अभ्यास करते. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “मग आमच्या टाचा दाखवू का तिला?” सगळ्या हसल्या. मीही हसले. नंतर हे सुनेला सांगितलं, तर तिला राग नाही आला. तिने माझाच पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. टोकियोचा हिवाळा कोरडा असतो, माझ्या टाचा तेव्हा फार फुटत.

“ही भेग गेल्या वर्षी कुठे होती?”

“तिथेच. दर थंडीत तिथेच फुटते. पाय सोड, शोभतं का हे?”

“बाई बरोबर बोलल्या. आई, तुमची टाच म्हणजे सैबेरिया आहे.”

मग तिने मला समजावलं. कातडी सुकली की आवळते. मऊ असती तर ताणली गेली असती. राठ झालेली असते म्हणून फाटते. जमिनीचंही असंच. मी म्हटलं, पण पाणी गोठताना फुगतं, मी जन्मभर तेच शिकवलं. “गोठताना फुगतं,” ती म्हणाली. “पण एकदा गोठून दगड झालं, आणि त्यानंतर थंडी आणखी वाढत गेली, की तो दगड आकसायला लागतो. थंडी हळूहळू आली तर जमीन सोसते. एकदम कडाका पडला तर सोसत नाही, तडकते. तुमचं अर्धं पान नेमकं त्याच्या आधी संपलं.”

उत्तर ध्रुवाकडे जी जमीन वर्षानुवर्षं गोठलेलीच असते, तिथे ती सेन्सेइंच्या तुकडीबरोबर एकदा जाऊन आली होती. तिथे उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळून सुटतो, खालचा कधीच नाही. हिवाळ्यात जमीन तडकते तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज येतो, असं तिथल्या लोकांनी तिला सांगितलं होतं. वसंतात बर्फाचं पाणी भेगेत शिरतं, आणि खाली सगळं गोठलेलंच असल्यामुळे तिथेच थिजतं. कागदाएवढा बर्फाचा पापुद्रा. पुढच्या वर्षी जमीन पुन्हा तिथेच फाटते, कारण तिथे ती आधीच कच्ची झालेली असते. पुन्हा एक पापुद्रा. असे पापुद्रे साठत हजारो वर्षांत माणसापेक्षा उंच पाचर तयार होते. विमानातून पाहिलं तर सगळा प्रदेश जाळीसारखा दिसतो, पाच कोन, सहा कोन, क्षितिजापर्यंत. त्या जाळीचा फोटो तिने फ्रिजवर लावला होता. मी रोज भाजी काढताना तो बघायची.

होक्काइदोतल्या त्या टेकाडावरही तशी जाळी होती, फक्त पुसट. गवतात उथळ चर दिसत, एकमेकांना मिळणारे. सेन्सेइंचं म्हणणं होतं की हे चर हिमयुगातले आहेत. तेव्हा तिथली जमीन कायमची गोठलेली होती, आता नाही, आता ते नुसते व्रण आहेत. सून म्हणायची, व्रण नाहीत, भेग अजून जिवंत आहे. तिचा मुद्दा साधा होता. बर्फ ही जमिनीची गोधडी असते. जिथे बर्फ साचतो तिथे माती उबेत राहते. या टेकाडावर वारा इतका, की गोधडी टिकतच नाही. उघड्या मातीला थंडी थेट लागते आणि ती खोलवर गोठते. मग कायमची गोठलेली नसली तरी ती तडकेल. पण उन्हाळ्यात माती सुटली की भेग मिटते. फाटली होती याचा पुरावा उरत नाही.

पहिल्या हिवाळ्यात तिने चरावर आडवी बारीक तार पुरली. जमीन फाटली की तार तुटणार आणि तिला जोडलेल्या यंत्राच्या खोक्यात नोंद होणार. तार तुटली. घरी पेढे आणण्यापर्यंत वेळ आली होती. मग जागेवर जाऊन पाहिलं, तर तारेवर कोल्ह्याचे दात उमटले होते.

“सेन्सेइ काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, कोल्ह्याची भेग सापडली, अभिनंदन.”

रांगोळीची कल्पना तिचीच. माझी म्हणून लोक सांगतात, ते खरं नाही. पुढच्या दिवाळीत मी दारातल्या बूट काढायच्या फरशीवर रांगोळी काढली होती. बाहेरच्या सामायिक वाटेवर काही घालायची इमारतीत परवानगी नसते. भाऊबीज झाल्यावर मी ती झाडून घेतली. फरशीच्या सिमेंटला एक केसासारखी चीर होती. रांगोळी झाडली गेली, पण चिरेत गेलेली पूड राहिली, आणि इतके दिवस कुणाला न दिसलेली चीर पांढरी होऊन दिसायला लागली. मी ओलं फडकं घेऊन आले, तर ती तिथे उकिडवी बसलेली.

“आई, पुसू नका.”

“अगं, घाण दिसतं ते.”

“नाही हो. हेच हवंय मला.”

मग ती उठली, बशीत चिमूटभर पांढरी रांगोळी घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. बारीक फेस आला. ती तुळशीबागेतली रांगोळी संगमरवराची पूड होती; आंबट लागलं की फसफसते. त्या टेकाडावरची माती ज्वालामुखीच्या राखेची, काळी, तिच्यात असं काही फसफसणारं नसतं. म्हणजे आपली पूड कुठवर गेली हे नुसतं बघून नाही, तपासून सांगता येईल. ती बशी तिने मुलाच्या नाकासमोर धरली. तो ऑफिसच्या कॉलवर होता. त्याने मान डोलावली आणि कॅमेरा बंद केला.

पण त्या वर्षी आम्ही एक चूक केली, आणि ती आपल्याच लोकांच्या हातून व्हावी अशी होती. घरात रांगोळीचे सगळे रंग होते. दर वर्षी वेगळा रंग घालू, म्हणजे कोणत्या हिवाळ्यात भेग कुठवर गेली ते कळेल, असं ठरलं. पहिला मान गुलाबीला. ती पुडी घेऊन गेली, चरावर घालून आली. उन्हाळ्यात खणलं तर हातभर रुंदीची माती गुलाबी झालेली. बर्फाच्या पाण्यात रंग सुटला होता. भेग कुठे आणि ओघळ कुठे, काही कळेना. अंगणातली रांगोळी पावसात कशी होते हे दोघींनी लहानपणापासून पाहिलेलं, आणि दोघींच्याही ते डोक्यात आलं नाही. सेन्सेइ तिला म्हणाले होते, तुमच्याकडे रंगांचा सण असतो ना, तो जमिनीने केला. व्हिडिओ कॉलवर मला हे सांगताना ती हसता हसता खाली बसली.

तिसऱ्या वर्षी तिचं दुखणं निघालं. औषधं सुरू झाली. त्यांनी तिच्या बोटांना सतत मुंग्या येत. चिमटीत काही धरलंय की नाही हे तिला कळेनासं झालं. ऑक्टोबरमध्ये मी आले त्याच आठवड्यात ती म्हणाली, “आई, तुमची चिमूट हवीय. होक्काइदोला येता?”

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं, हो असंही म्हटलं नव्हतं. टेकाडावर चढायला वेळ लागला. वर वारा एवढा की तिची लोकरीची टोपी मुलाने मागून धरून ठेवली होती. गवत कापून चर उघडा केलेला होता. काळी कुळकुळीत माती. मी पांढऱ्या रांगोळीची पिशवी उघडली.

“ठिपके नकोत हं, आई. मोर नको. कमळ नको. फक्त रेघ.”

“एवढ्या लांब आणून नुसती रेघ काढायला लावतेस?”

“ही एक नीट काढा, मग घरी वाटेल तेवढे मोर.”

वाऱ्याने पूड उडू नये म्हणून मी हात अगदी मातीलगत ठेवला आणि मुलाला वाऱ्याच्या बाजूला उभं केलं. चराच्या वळणाने, दोन बोटं रुंद, रेघ घालत गेले. चिमटीतून धार सोडताना हात कसा चालवायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी कुणाला शिकवलं नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या हाताला येते. ती माझ्या शेजारून रांगत पुढे सरकत होती आणि कुठे धार पातळ झाली की बोट दाखवत होती. नंतर वरून थोडी वाळू पसरली. मग तिने मला चरापासून बाजूला, सपाट जागी, तशीच दुसरी रेघ घालायला लावली.

“ही कशाला?”

“पहिलीने खोटं बोलू नये म्हणून. गांडुळं असतात, पावसाचं पाणी असतं, त्यांनीही पूड खाली जाऊ शकते. तसं असेल तर ही पण खाली जाईल. ही वर राहिली आणि ती गेली, तरच खरं.”

“आणि दोन्ही वर राहिल्या तर?”

“तर सेन्सेइ बरोबर. तेही लिहायचं.” थोडं थांबून ती म्हणाली, “पण मला ती गेलेली आवडेल.”

त्यानंतर पहिला बर्फ पडायच्या सुमारास ती इस्पितळात गेली. तिथे खिडकीतून आभाळ दिसे. थंडीची लाट आली की तिला बरं वाटायचं. एकदा नर्सने उत्तरेकडे कडाका पडल्याचं सांगितलं तर ही म्हणाली, “छान!” नर्स गोंधळली. जानेवारीत काय झालं ते मी वर लिहिलं आहे.

मी पुण्याला परत गेले. मुलगा इथे एकटा राहिला. जूनमध्ये सेन्सेइंनी त्याला कळवलं की माती सुटली आहे, खणायचं आहे, यायचं असेल तर या. त्याने मला फोन केला.

“आई, मी नाही म्हणून सांगतोय त्यांना.”

“का?”

“काही नाही निघालं तर? तिच्यामागे एवढंच आहे. ते पण नाही असं मला त्या खड्ड्यात उभं राहून ऐकायचं नाही.”

मी त्याला म्हटलं, ती असती तर नाही निघालं तरी गेली असती. आणि रेघ मी घातली आहे. ती बघायला मी येणार, तू ये किंवा नको येऊस. मी आले. तोही आला.

टेकाडावर तेव्हा हिरवं गवत होतं. सेन्सेइ माझ्याहून थोडे लहान असावेत. मला वाकून नमस्कार करून ते गुडघ्यांवर बसले आणि गवंड्याच्या असते तशा करणीने माती खरवडायला लागले. खड्डा त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवला होता, पण शेवटचा थर तसाच ठेवला होता, आम्ही नसताना तो काढायचा नाही म्हणून. आधी सपाट जागेवरची रेघ. पांढरं वरच होतं, बोटाच्या पेराइतकंही खाली गेलेलं नव्हतं.

मग चर. करणी एकदा फिरली, दोनदा फिरली. काळ्या भिंतीत एक फिकट धागा दिसला, वरून खाली गेलेला. मुलाने माझं कोपर घट्ट धरलं. सेन्सेइ जपानीत काही म्हणाले.

“म्हणतायत, थांबा. इथे ज्वालामुखीची फिकट राख पण असते. नुसतं पांढरं दिसून चालत नाही.”

त्यांनी पिशवीतून आम्लाचा ड्रॉपर काढला. पहिला थेंब बाजूच्या राखेच्या थरावर टाकला. काही झालं नाही. दुसरा थेंब त्या धाग्यावर. मी वाकले होते. मला आधी ऐकू आलं आणि मग दिसलं: बशीत आला होता तसाच बारीक फेस. त्यांनी खाली एक थेंब टाकला, तिथे फेस. आणखी खाली, आणखी खाली. माझ्या हाताच्या लांबीपर्यंत धागा गेला होता आणि शेवटपर्यंत फसफसत होता. जमीन फाटली होती. त्याच हिवाळ्यात, त्याच जागी.

सेन्सेइंनी टोपी काढली. भिंतीकडे तोंड करून ते एकच वाक्य बोलले. त्यात आमचं आडनाव होतं आणि पुढे आदराचं ‘सान’ लावलेलं होतं. मुलाला त्याचं भाषांतर करता येईना. मला त्याची गरज नव्हती. तिचं बरोबर होतं, हे कुठल्याही भाषेत कळतं. आडनाव आमच्या घराण्याचं आहे, पण त्या टेकाडावर ते टोपी काढून उच्चारलं गेलं ते तिच्यामुळे. मला तेव्हा रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू, मी ताठ उभी राहिले. माझा मुलगा तेवढा बसला, मातीतच.

खाली उतरल्यावर सेन्सेइंनी मुलाकडून विचारून घेतलं की या पुडीला तुमच्या भाषेत काय म्हणतात. मी सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. त्यांना ‘ळ’ येईना, पण सोडलं नाही. शरद ऋतूत त्यांचा लेख छापून आला. पहिलं नाव तिचं आहे. साधनांच्या यादीत जपानी अक्षरांत ‘रांगोळी’ असं लिहिलं आहे, आणि पुढे कंसात संगमरवराची पूड. मुलाने मला तो शब्द बोटाने दाखवला. मी जपानी वाचू शकत नाही, पण आता तेवढी चार-पाच अक्षरं मला ओळखता येतात.

मी पुन्हा हिगाशी-कसाईत आहे. परवा फुनाबोरीच्या त्या बाई भेटायला आल्या. सांत्वन करून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, तिचं ते भेगांचं काम अर्धवटच राहिलं का हो? मी त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. कोल्हा सांगितला, गुलाबी माती सांगितली, फेस सांगितला. त्यांचा चहा गार झाला. निघताना त्यांनी फ्रिजवरचा तो जाळीचा फोटो जवळ जाऊन बघितला. मी आता अर्ध्या पानात उरकत नाही.

या वर्षी आमच्याकडे सण नाही, म्हणून दारात काही काढलेलं नाही. फरशीतली चीर अजून पांढरी आहे. ती मी पुसलेली नाही. भिंतीतून कापून घेतलेला मातीचा काप सेन्सेइंच्या प्रयोगशाळेत काचेमागे आहे. टेकाडावर चर आहे. माझ्याकडे अर्धी पिशवी पांढरी रांगोळी उरली आहे.